निपी

हफ्र अल बातिन, सौदी अरेबिया,
फेब्रुवारी १९९१

प्रिय विनू,

तुझं डिसेंबरातलं पत्र या महिन्याच्या सुरुवातीला माझ्या हातात पडलं, म्हणजे एव्हाना तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. आईला मनोरुग्णालयात ठेवा असं डॉक्टर म्हणतात, सासूचं करून करून कुंदा थकून गेली आहे, आणि 'ताई, तू एका शब्दात कळव, हो की नाही', असं तू लिहिलंस. तुझ्या ताईने आजवर एका शब्दात काही सांगितलंय का रे? तेव्हा कुंदाला जवळ बसव आणि मग वाच. माझ्याकडे उत्तर आहे, पण ते मला जसं मिळालं तसंच सांगायला हवं. नाहीतर म्हणशील, लांब बसून हिला काय कळतंय.

आधी माझी खुशाली. मी धड आहे. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याने दिवसरात्र लष्करी ट्रक जातात आणि हॉस्पिटलच्या खिडक्या चिकटपट्ट्या लावूनही थरथरतात. सायरन झाला की आधी आपल्या तोंडावर मास्क चढवायचा, मग पेशंटांच्या. भीतीची सवय होते. एकटेपणाची होत नाही. खोलीतल्या मुली केरळच्या, मनाने फार चांगल्या, पण ड्यूटी संपली की त्यांचं मल्याळम सुरू होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडते. माझा पासपोर्ट इथल्या ऑफिसच्या कपाटात आहे. मुदीर, म्हणजे आमचे मोठे साहेब, त्यांच्याकडे घरी जायची एक्झिट मागितली की उत्तर ठरलेलं, 'युद्ध संपू दे, इन्शाल्ला.'

मराठी बोलायला इथे एकच माणूस होता, रत्नागिरीचे उस्मानभाई. बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. बटण लावून घ्यायच्या निमित्ताने जायचं आणि सुकटीपासून गणपतीपर्यंत गप्पा मारून यायचं. काल गेले तर शटर अर्धं खाली. त्यांच्या कफीलने, म्हणजे इथल्या मालकाने, त्यांना मोकळं केलंय, उद्या निघतील. 'चिठ्ठी द्या ताई, मुंबईत उतरलो का पहिली पेटीत टाकतो,' म्हणाले. मला त्यांच्यासाठी बरं वाटलं आणि परत येताना रस्ताभर रडू आलं. आता मी चादरींच्या खोलीत स्वतःशीच मोठ्याने मराठी बोलते. कुणी ऐकलं तर आईच्या शेजारची खाट माझ्यासाठीही राखून ठेव.

हसू नकोस. किंवा हस, कारण हसण्यासारखंही सांगायचंय. गेल्या महिन्यापासून आमच्या वॉर्डात मॉरीन नावाची इंग्लिश नर्स आली आहे. नॉटिंगहॅमजवळच्या कोळशाच्या खाणींच्या गावातली, पन्नाशीची, आवाज असा की सायरनने लाजावं. पहिले काही दिवस तिचं बोलणं मला ओ की ठो कळेना. दमली की 'नॅकर्ड', खूश असली की 'चफ्ड', चहा म्हणजे 'कपा', रुसून बसलेला पेशंट म्हणजे 'मार्डी'. मला वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं. मग मास्कची तालीम द्यायला एक अमेरिकन सार्जंट आला. तो म्हणाला, विषारी वायू आला तर पँट्स बुटांवर ओढून घट्ट बांधा. मॉरीन मास्कच्या आतच खिदळायला लागली, कारण तिच्याकडे पँट्स म्हणजे आतली चड्डी. सार्जंट लाल झाला आणि म्हणाला, 'आय ॲम पिस्ड', म्हणजे आता माझं डोकं तापलंय. तर ही त्याला विचारते, या देशात तुला दारू मिळाली कुठे? तिच्या गावात तो शब्द झिंगलेल्या माणसाचा. दोघांची मातृभाषा एकच, आणि मधे दुभाषी म्हणून उभी कोण, तर मी, देवळालीची!

तो तणतणत निघून गेला तेव्हा मॉरीन म्हणाली, 'डूलॅली झालाय.' म्हणजे वेडा. तिचे आजोबा फौजेत होते, त्यांनी तिला सांगितलेलं: हिंदुस्थानात एक छावणी होती, तिथे सोल्जर घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून राहत, आणि वाट बघून बघून त्यांची डोकी फिरत. त्या छावणीवरून हा शब्द. विनू, आपलं देवळाली कँप! ते माझं गाव आहे म्हटलं तर तिला थट्टाच वाटली. मला मात्र त्या सोल्जरांची दया आली. अशी वाट बघणं काय असतं ते आता मला कळतं.

आता मुद्द्यावर येते. आपल्या घरी स्वेटरला निपी म्हणायचे, आठवतं ना? थंडीत सकाळी आई आपले तळवे चोळायची आणि 'निपी, निपी' करत स्वेटर डोक्यातून घालायची. शाळेत तू बाईंना 'माझी निपी हरवली' म्हणालास, अख्खा वर्ग हसला, आणि घरी येऊन तू पाय आपटलेस. तुझ्या पत्रातही ती निपी आहे. दिवाळीत पक्षाघाताचा झटका आला आणि आईचं मराठी गेलं, सगळं बरळणं, तेवढं एक 'निपी' शहाण्यासारखं म्हणते आणि आम्ही स्वेटर घालतो, असं तू लिहिलंस. बाकीचं बरळणं उतरवून पाठवलंस: पार्च, पुअर्ली, टामिडक. पेनी पेनी करते, हातावर नाणं ठेवलं तर भिरकावते आणि मग अंथरूण ओलं करते. 'हे इंग्रजी नाही, ताई. मी इंग्रजीच शिकवतो, मला कळलं नसतं का?' ते पत्र मी खिशात घेऊन हिंडत होते.

परवा सकाळी वाळवंटातला बोचरा गारठा होता. मॉरीन तळवे चोळत वॉर्डात आली आणि म्हणाली, 'बिट निपी!' मी विचारसुद्धा केला नाही रे. खुर्चीवरचा माझा स्वेटर उचलला आणि तिच्या डोक्यातून घालायला लागले. ती बघतच राहिली. तिला म्हणायचं होतं गारठा आहे, एवढंच. पण निमूटपणे तिने बाह्यांत हात घातले आणि मला दोन-तीन शब्द म्हणाली. ते शेवटी सांगते, ते कुंदाचे आहेत. ते ऐकले आणि मला तुझ्या पत्रातलं बरळणं आठवलं. मग खिशातून तुझं पत्र काढलं आणि एकेक शब्द तिला वाचून दाखवला. एकाही शब्दाला ती अडली नाही.

आपली आजी पलटणीतल्या एका गोऱ्याच्या बंगल्यावर आया होती, एवढंच आपण लक्षात ठेवलं. पण आई त्या बंगल्यामागच्या खोलीतच जन्मली आणि त्यांच्या मुलीबरोबर खेळत वाढली. मॉरीन म्हणते, ते लोक तिच्याच मुलखातले असणार. ते विलायतेला गेले तेव्हा आई दहा वर्षांची. त्यानंतर ती कुणाशी बोलणार होती ते? गुंडाळून ठेवलं तिने मनात. फक्त थंडीत तेवढं एक बाहेर यायचं. पक्षाघातात कधी कधी माणसाची एक भाषा जाते आणि दुसरी राहते, हे मी नर्स म्हणून सांगते. तुझं काही चुकलं नाही, हे इंग्रजी शाळेच्या पुस्तकात नसतंच, त्या सार्जंटलाही ते आलं नसतं. पण आईचं डोकं ठिकाणावर आहे. ती दिवसभर बोलतेय, घरात माणसं आहेत, आणि उत्तर मात्र कुणाकडून येत नाही. ते कसं असतं हे मला विचार.

म्हणून माझं उत्तर 'नाही'. लांबून नाही म्हणायला काय जातं, ज्याचं जळतं त्याला कळतं, हे मला समजतं. त्यासाठीच तर हे सगळं लिहिलं. पेनी म्हणाली की नाणं देऊ नका, तिला धरून संडासला न्या. विलायतेत पूर्वी सार्वजनिक संडासाच्या दारात पेनी टाकावी लागायची, म्हणून तसं म्हणतात. पार्च म्हणजे घसा कोरडा पडलाय, पाणी द्या. पुअर्ली म्हणजे बरं वाटत नाही, कपाळाला हात लावून बघा. एक्झिट मिळाली की पहिल्या विमानाने येते आणि तिचं सगळं मी करते, तोवर तेवढं सांभाळा. आणि कुंदा, हे तुझ्यासाठी. तू भरवतेस तेव्हा प्रत्येक घासाला आई 'टामिडक' म्हणते, आणि ती शिव्या देते असं तुला वाटतं ना? स्वेटरात हात घालताना मॉरीन मला तेच म्हणाली. 'टा, मी डक.' टा म्हणजे आभार, मी म्हणजे त्यांचं 'माय', माझं. आणि डक ते म्हणतात जिवाभावाच्या माणसाला, आपण सोन्या म्हणतो ना, तसं. दिवाळीपासून प्रत्येक घासाला आई तुला तेवढंच सांगतेय.

तुझीच,
ताई