विडीचा लाल दोरा

परंडा, रविवार, ९ एप्रिल १९४४

लढाईपायी लाल दोरा मिळेना, म्हणून या खेपेला आमच्या विड्या पांढऱ्या दोऱ्यानं बांधल्या. तंबाखू तीच, पान तेच, पुड्यावरचा सिंहही तोच. पण आज बाजारात एका म्हातारबांनी पुडा उघडला आणि परत केला. "ह्या तुमच्या न्हायत. तुमच्या विडीला लाल दोरा असतो."

सिंहाकडं बघितलंसुद्धा न्हाय! त्याच्या आयाळीपायी मी सोलापूरच्या छापखान्यात किती भांडलो होतो! आणि लोक ओळखतात ते दोऱ्यावरून?

आधी लई चिडलो. मग वाटलं, ओळखतात तर खरं!

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं जुन्या लुगड्याच्या काठातले लाल दोरे काढायला घेतले.

"पुढच्या बाजारापुरते पुरतील की," म्हणाली.