गुलाबाच्या लॉटची चौकशी

३ मार्च, सकाळ
मुख्य वासपरीक्षक या महिन्यात निवृत्त होणार. बातमी पक्की, त्यांच्या ड्रायव्हरनेच सांगितली. अख्ख्या साबण कारखान्यात माझ्या तोडीचं नाक नाही, तेव्हा जागा माझीच. पलीकडच्या टेबलावरची ज्युनिअर आत्तापासून अभिनंदन करते. इतक्या आधी? काहीतरी शिजतंय. नाकाला धार लावून ठेवलेली बरी.

४ मार्च
वैद्यबाईंकडून नाकात घालायचं औषधी तेल आणलं. म्हणाल्या, कोमट करा, आडवं होऊन मान जरा मागे टाका, प्रत्येक नाकपुडीत दोनच थेंब. घशात आलं तर थुंका. सर्दीत नको, जेवणावर नको, अंघोळीनंतर लगेच नको. इतक्या अटी घरमालकाच्याही नसतात. आणि दोनच का? बाकीचा गुण कुणासाठी राखून ठेवलाय? ज्युनिअरही त्यांच्याकडेच जाते म्हणे.

६ मार्च
सर्दी. म्हणजे तेलाची गरज जास्त. अंघोळ उरकून उभ्याउभ्याच आठ थेंब. गिळलं, औषध थुंकायचं कसलं? खूप खोकला. बायको म्हणाली, अहो, नाक आहे ते, बिजागरी नव्हे.

७ मार्च
आत आग होतेय. गुण येतोय. आज बारा थेंब. कॉफी पाणचट. बायको म्हणते, नेहमीचीच आहे. तीही सामील?

९ मार्च, दुपार
कट उघडकीस! गुलाब साबणाचा अख्खा लॉट बिनवासाचा. अत्तरवाल्याने अर्काऐवजी पाणी दिलंय, उघड आहे. लॉट अडवला, मशीन थांबवलं, तक्रार थेट मॅनेजरकडे. ज्युनिअर म्हणाली, सर, गेटवर वॉचमनलाही गुलाबाचा वास येतोय. वॉचमनही फितूर.

१० मार्च
मॅनेजरनी कापसाचा ओला बोळा माझ्या नाकाशी धरला. मी छातीठोकपणे सांगितलं, पाणी. फिनेल होतं.

११ मार्च
वैद्यबाई भडकल्या. सर्दीत घालू नका म्हटलं होतं ना? तेल बंद करा आणि आजच नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर म्हणाले, आत सूज आहे, वास बहुतेक परत येईल. कधी, ते सांगत नाहीत. का सांगत नाहीत?

१३ मार्च
मुख्य परीक्षक ज्युनिअर. ऑर्डर लागली. म्हणाली, सर, बरे व्हा, तुमचं टेबल कुणाला देत नाही. एवढं गोड?
सोमवारी गुलाबाचा लॉट बाजारात जाईल आणि मी पॅकिंगला. नाकाला वास आला की मला परत टेबलावर घेणार आहेत. आला की नाही, ते तीच ठरवणार.