मेहुण्याची कडू बिअर आणि माझी जीभ

६ सप्टेंबर, शनिवार

आज माझ्या आयुष्याला वळण लागलं. बायकोच्या धाकट्या भावाने बँकेतली चांगली नोकरी सोडून एका शेडमध्ये बिअर बनवायला घेतली, तेव्हा त्याला वेडा म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो. ते शब्द मागे घेतो. त्याने आज मला मुद्दाम फोन करून टेस्टिंगला बोलावलं. म्हणाला, भाऊजी, आम्ही रोज चाखून चाखून बधिर झालोय, आता तुमच्यासारखी जीभ हवी. तुमच्यासारखी! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरच्या मंडळींनी माझा एखादा अवयव हवाय असं पहिल्यांदाच म्हटलं.

बिअर साधी नाही. डबल आयपीए. साडेआठ टक्के अल्कोहोल. हॉप्स नावाच्या वेलीची हिरवी बोंडं तिच्यात पोत्याने ओततात, त्यामुळे कडू. दोन ग्लास समोर ठेवले. पहिल्याचा घोट घेतला आणि लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं औषध आठवलं. दुसऱ्याला मात्र छान लोण्याचा वास. सिनेमाच्या मध्यंतरात येतो तसा. मी लगेच सांगितलं, पहिली ओतून टाका, दुसरी ठेवा. मेहुण्याने दोन्ही हातांनी माझा हात हलवला. तिथे एक केमिस्टबाई आहेत, केस बारीक कापलेल्या, वयाने माझ्या निम्म्या. त्या मला काका म्हणतात. ते सोडलं तर बाई हुशार वाटल्या. माझं मत ऐकून त्यांचा चेहरा एकदम खुलला.

७ सप्टेंबर

संकल्प. दर शनिवारी टेस्टिंग आहे, तेव्हा जिभेचा व्यायाम सुरू. सकाळी टूथपेस्ट बंद, नुसतं पाणी. चहात साखर बंद. ग्रेपफ्रूटची साल चावायची. कॉफीच्या बिया चावायच्या. बिअरवरच्या एका पुस्तकात लिहिलंय की हॉप्सला पाइनच्या झाडाचा वास येतो. आसपास पाइन नाही, म्हणून फरशी पुसायच्या पाइनवाल्या लिक्विडचं झाकण उघडून डोळे मिटून बसलो. बायको म्हणाली, बसलाच आहात तर फरशी पुसून मग वास घ्या. कलावंताला घरात कधी मान नसतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

चहात साखर घातली. फक्त आज. गोड कळल्याशिवाय कडू कसं कळणार?

शोरूममध्ये मालकांना सांगून ठेवलं की मी फार काळ गाद्या विकत राहीन असं समजू नका. ते म्हणाले बरं. इतक्या पटकन बरं म्हणायला नको होतं. खरं तर माझ्यावाचून त्यांचं अडतं. नवीन गादी आली की आधी मला तिच्यावर झोपवतात आणि कशी वाटते विचारतात. मागच्या महिन्यात मी निवडलेली गादी त्यांनी का मागवली नाही, हे एकदा विचारलं पाहिजे.

१३ सप्टेंबर, शनिवार

दुसरं टेस्टिंग. डावीकडची बिअर: केमिस्टबाई म्हणे आंबा, संत्र्याची साल, राळ. मला लागली ती नुसती साल. उजवीकडची हुंगली आणि डोळे भरून आले. तो वास माझ्या ओळखीचा होता. आमच्या गोडाउनमध्ये दमट हवेत गाद्यांचे खोके उघडताना येतो ना, तस्साच. मी म्हटलं, ही बिअर प्रौढ आहे, घरंदाज आहे, हिला पुठ्ठ्याचा सुवास आहे. केमिस्टबाईंनी विचारलं, पुठ्ठा, नक्की? मी म्हटलं, ओला पुठ्ठा, उत्तम प्रतीचा. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही ग्रेट आहात. आणि तोंड फिरवून खांदे हलवत राहिल्या. मेहुणा म्हणाला की त्या जरा हळव्या आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

दोन्ही ग्लास संपवले होते. टाकायचं कशाला? चालत घरी आलो. रस्ता छान. माणसं छान. लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं की तुझ्या कपाळावर बुद्धिमत्ता दिसते. त्याने शर्ट द्यायला अजून दोन दिवस लागतील म्हटलं, तरी त्याचा राग आला नाही. जिना आज जरा मऊ होता. सासूबाईंना फोन करून सांगितलं की तुमचा मुलगा हिरा आहे, पण जोहरी मी आहे. त्या म्हणाल्या, कोण बोलतंय?

१४ सप्टेंबर

डोकं दुखतंय. हवा बदलली आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

आता माझ्याशिवाय त्या शेडचं पान हलत नाही. आज तीन ग्लास होते. एक आवडला, दोन नाही. स्पष्ट बोललो. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला पाठीचा कणा आहे. निघताना मेहुण्याकडे विषय काढला की रीतसर नेमणूक व्हावी. मुख्य परीक्षक. टाक्यांजवळ एक उंच स्टूल, ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास आणि त्यावर माझं नाव. तो म्हणाला, भाऊजी, आधी बिअर बाजारात येऊ दे, तुम्हाला काय हवं ते देतो.

शोरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. मालकांनी पुन्हा बरं म्हटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज मेहुण्याची बिअर बाजारात आली. शेड माणसांनी भरून गेली होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून टाक्यांशेजारी उभा. पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. ही तर मी पहिल्याच दिवशी ओतून टाका म्हणून सांगितलेली! औषध! आजूबाजूला बघतो तर लोक डोळे मिटून वा वा करतायत. एक बाई म्हणाल्या, काय सुंदर कडवटपणा आहे. एकाने मेहुण्याला खांद्यावर उचललं.

मी त्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं, हा काय घोटाळा? तो आनंदात होता, आनंदाखाली बिअर होती. मला मिठी मारून म्हणाला, भाऊजी, खरं सांगतो, रागावू नका. तुम्हाला जी आवडते ती आम्ही गटारात ओततो. लोणी लागलं म्हणजे बिअर कच्ची, पुठ्ठा लागला म्हणजे तिला हवा लागली. हे दोष सुरुवातीला इतके बारीक असतात की आम्हालाही शंका येते. तुम्हाला मात्र ते अचूक आवडतात. एकदाही चुकला नाहीत.

घरी एकटा आलो. फार वाईट वाटलं.

५ ऑक्टोबर

बायकोला सांगितलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हसता हसता ती ओट्याला धरून खाली बसली. म्हणाली, गाढवाला गुळाची चव काय, हे ऐकलं होतं, पण गाढवाला विचारून गूळ फेकतात हे माझ्या भावाने शोधून काढलं. मी जेवलो नाही. मग थोडं जेवलो.

दुपारी शांतपणे विचार केला. एकदाही चुकला नाहीत, हे त्याचे शब्द आहेत. म्हणजे अचूकता आहे. दिशा उलटी आहे, पण तो तपशील झाला. सगळ्या शहरात अशी जीभ दुसरी असेल का? संध्याकाळी मेहुणा आला, माफी मागितली आणि मुख्य परीक्षकपद देऊ केलं. मोठी टाकी बाटल्यांत भरण्याआधी शेवटचा शब्द माझा. स्टूल, ग्लास, नाव, सगळं कबूल. मी थोडे आढेवेढे घेऊन हो म्हटलं. बायको म्हणाली, आता कृपा करून काही शिकू नका.

ग्रेपफ्रूटच्या साली फेकून दिल्या. चहात दोन चमचे साखर.

११ ऑक्टोबर, शनिवार

ग्लासवर माझं नाव आलंय. सोनेरी अक्षरांत.

आजची टाकी सगळ्यात मोठी. एका मोठ्या हॉटेलची पहिली ऑर्डर. ती जमली तर शेड चालणार, नाही तर मेहुणा परत बँकेत. केमिस्टबाईंना किंचित शंका होती, मेहुण्याला नव्हती. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी घोट घेतला.

काय सांगू! अशी बिअर मी जन्मात प्यायलो नाही. मऊ. लोण्यासारखी. पोटात कोणी शाल पांघरल्यासारखं वाटलं. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. आणि मग लक्षात आलं की मी छान म्हटलं की ही अख्खी टाकी गटारात जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एवढं चांगलं काही माझ्या एका शब्दाने मरावं, हे मला सोसेना. शिवाय इतकी चांगली बिअर दोषी कशी असेल? जीभ माझी आहे, मला कळतं. या एका वेळी ती सरळ चालली होती, याबद्दल खात्री होती.

तोंड जमेल तितकं वाकडं केलं आणि म्हटलं, शी! काय भिकार आहे!

मेहुण्याने उडी मारली. केमिस्टबाईंनी शंका मागे घेतली. बाटल्या भरायचं यंत्र सुरू झालं आणि आम्ही तिघं त्याच्या तालावर नाचलो. मी सगळ्यात जास्त नाचलो. एक बिअर वाचवल्याचा आनंद काही वेगळाच असतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हॉटेलने सगळ्या बाटल्या परत पाठवल्या. म्हणे, लोण्याचा वास येतो.

२० ऑक्टोबर

मेहुणा घरी येऊन गेला. दाढी वाढली आहे. म्हणाला, भाऊजी, तुमचा दोष नाही. तुम्हाला ती भिकार लागली आणि ती भिकारच होती. तुमची जीभ सुधारली. आता तुमचा आम्हाला उपयोग नाही. अभिनंदन.

तो गेल्यावर बायको माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, खरं सांगू, मला वाटलं नव्हतं तुमच्याकडून. आणि तिने आपणहून माझ्यासाठी कॉफी केली. माझ्याकडे अशा नजरेने तिने शेवटचं कधी बघितलं होतं, आठवत नाही. बहुतेक लग्नाच्या आधी.

तेव्हा जे झालं ते चांगलंच झालं. स्टूल गेलं, पण मान आला. मी जाणकार माणूस आहे. केमिस्टलाही जी उशिरा कळली ती गोष्ट मला एका घोटात कळली. असंच झालं होतं. हळूहळू मलाही तसंच आठवायला लागलंय.

२३ ऑक्टोबर

केमिस्टबाई नोकरी सोडतायत. बायकोला त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, शंका माझ्या नाकाने घेतली होती, पण मी काकांच्या तोंडावर विश्वास ठेवला, तेव्हा माझ्या नाकाचा काही भरवसा नाही. मेहुणा शेड बंद करायचं म्हणतोय. इतके दिवस जे वापरून बिअर पारखली तेच खोटं निघालं, आता कशावर भरवसा ठेवू, म्हणतो. बँकेत अर्ज टाकलाय.

मला त्याचं काय? माझी जीभ सुधारली आहे.

२४ ऑक्टोबर

झोप नाही. गाद्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला झोप लागू नये, म्हणजे काय! बायकोने सकाळी पुन्हा आपणहून कॉफी केली. घशाखाली उतरली नाही.

उद्या जाऊन सांगतो. नाही सांगत. गप्प राहिलो तर कोणाला कळणार आहे? मला. मी काय, मी समजून घेईन.

२५ ऑक्टोबर, शनिवार

गेलो. शेडमध्ये दिवे अर्धे बंद. मेहुणा रिकाम्या क्रेटवर बसला होता, केमिस्टबाई आपल्या बरण्या पुसून पिशवीत भरत होत्या, आणि बायकोही तिथेच, भावाची समजूत घालायला आलेली. ती नसती तर सोपं गेलं असतं.

एका दमात सांगून टाकलं. ती बिअर मला भिकार लागली नव्हती. आवडली होती. मनापासून आवडली होती. आयुष्यात काही इतकं आवडलं नव्हतं. ओतू नये म्हणून खोटं बोललो. माझी जीभ जशी होती तशीच आहे, तिच्यात काडीची सुधारणा नाही. लाज वाटली. कान गरम झाले.

मग केमिस्टबाईंनी हातातली बरणी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, म्हणजे माझी शंका बरोबर होती? मी म्हटलं, शंभर टक्के. मेहुणा उठला, मला वाटलं मारतो, पण त्याने मला उचललं. खरोखर उचललं. ओरडत होता, भाऊजींना आवडली होती, आवडली होती! केमिस्टबाई पिशवी उलटी करून बरण्या फळीवर लावायला लागल्या. हॉटेलवाला आणखी एक संधी देईल, मी स्वतः बोलते, म्हणाल्या. बायको क्रेटवर बसून डोळे पुसत होती. हसून पाणी आलं की रडून, विचारायची हिंमत झाली नाही. एवढं म्हणाली की कॉफी आता तुमची तुम्ही करा.

मग मेहुण्याने सगळ्यात लहान टाकीतून एक ग्लास भरून आणला. कालच तयार झालेली, शेड बंद होणार म्हणून कोणी चाखलीही नव्हती. तिघं माझ्यासमोर श्वास रोखून उभे राहिले.

घोट घेतला. कडू. इतकी कडू की डोळ्यांतून पाणी आलं, तोंड कानापर्यंत वाकडं झालं आणि तो घोट गिळायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

तिघांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने सगळ्यात जोरात.