न जुळलेला ठसा

सोम., ३ नोव्हेंबर
आज कुलूपबंद मशीन पहिल्यांदा सुरू झालं. चालतं आपल्या एम्युलेटरच्या, म्हणजे संगणकातच दुसरा संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रामच्या पोटात, पण त्याची मेमरी प्रोसेसरने स्वतःच्या किल्लीने बंद केलेली. बाहेरून वाचून पाहिली. नुसता कचरा. हेच तर हवं होतं. पण आत काही बिघडलं तर आता मलाही दिसणार नाही.
आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आते जेव तरी."

बुध., ५
अक्कलकुव्याहून विद्याताईंचा फोन. त्यांच्या दवाखान्याची सिकलसेल तपासणीची सगळी नावं दादाच्या सर्व्हरवर आहेत, इथे शहाद्याला, त्याच्या दुकानामागच्या खोलीत. खांडबाऱ्याच्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ती वाहक आहे हे मुलाकडच्यांना कळलेलं होतं. "आमच्याकडचं कुणी बोललं नाही गं. मग गेलं कुठून?" मुलगी घराबाहेर पडत नाही म्हणे.
असं होऊ नये म्हणूनच हे काम. मशीन ज्याच्या खोलीत आहे, त्यालाही आतलं दिसायला नको. दादा हो म्हणाला. पण लगेच नाही.

रवि., ९
रीस्टार्ट केलं की मशीन अडकतं. बंद मेमरी पुसून परत वापरता येत नाही, सगळं मोडून नव्याने उभं करावं लागतं. तसं लिहिलं. चाललं. मान दुखतेय.

सोम., १०
माझ्या पुण्याच्या जुन्या ऑफिसने चाचणीसाठी मशीन दिलंय, त्यावर ठसा जुळला. सुरू होताना आत काय काय भरलं, त्याचा ठसा प्रोसेसर स्वतः काढतो, त्यावर सही करतो. तो आपल्याकडच्याशी जुळला तरच विद्याताईंनी नावांच्या कुलूपबंद डिस्कचा पासवर्ड द्यायचा. नाहीतर नावं उघडायचीच नाहीत.

बुध., १२
दादाच्या मशीनवर जुळत नाही.
माझंच चुकतंय. मेमरीचे तुकडे भरायचा क्रम बघायला हवा.

गुरु., १३
क्रम बरोबर आहे. फाइल बरोबर नाही.
मशीनला जाग आणणारी पहिली फाइल. मी ठेवली होती ती ही नाही, हिच्यात भर आहे. उघडून पाहिली. पासवर्ड आत आला की गुपचूप बाहेर लिहून ठेवायचा, असा तुकडा. चुकून होणारी गोष्ट नाही. कुणीतरी बसून, विचार करून…
पाणी प्यायले. खोलीची किल्ली दोघांकडे. दादा आणि त्याचा भागीदार संजू.

शुक्र., १४
सकाळी चहाच्या वेळी दादाला सांगितलं, फाइल बदललेली आहे. त्याने कप खाली ठेवला.
"तुन्हंच काहीतरी चुकी गयं व्हई."
नाही म्हटलं.
"मंग तुले काय वाटस, मी चोर शे?"
वहिनी पोळी लाटायची थांबली. मी म्हटलं, मी तसं म्हटलं का? आणि कृपा करून कुणाला बोलू नकोस.
"कोनले सांगसू मी?"

शनि., १५
आज ठसा जुळला.
मी काहीही केलेलं नाही. फाइल परत मूळची. भर गायब, जणू कधी नव्हतीच. मी फक्त दादाला सांगितलं होतं.
त्याने संजूला सांगितलं असेल. सहज बोलून गेला असेल. असेल.
जेवताना दादाने वरण मागितलं. मी मान वर न करता वाढलं, त्याने पाहिलं. लहानपणी तापात मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारा हाच. त्याच्या चपलांचा आवाज आला की आता मी लॅपटॉप मिटते. लाज वाटते, पण मिटते.
बुधवारचा न जुळलेला ठसा माझ्याकडे आहे. प्रोसेसरच्या सहीचा. तो खोटा पाडता येणार नाही. याचाच आधार वाटायला हवा. उलट त्याचीच भीती वाटते.

रवि., १६
विद्याताई फोनवर : "जुळला ना गं? उद्या पासवर्ड देऊन टाकते."
हो म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. आई समोर तुरीच्या शेंगा सोलत होती, अंगणात दादा गाडी धूत होता.
"देऊ नका. या मशीनवर नकोच."
"का? काय झालं?"
"या तुम्ही. आल्यावर सांगते."
डिस्क न्यायला त्या उद्या येतील. फोन ठेवला, तेव्हा लक्षात आलं की अंगणातल्या पाण्याचा आवाज थांबलाय.

सोम., १७
संजू दुकानावर आला नाही. दादा म्हणतो, सुरतेला गेला. फोन लागत नाही. दादा न जेवता उठला. आई वैतागली : "तुम्हना दोन्हीसमां काय व्हयनं? कोनी सांगी का मले?"
मग दादाने खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "हाई ले. तूच उघाड."
संजूकडची? विचारलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. डोळे लाल होते. रागाने की कशाने, कळलं नाही. माझ्या दादाचे डोळे मला वाचता आले नाहीत.
विद्याताईंचा निरोप आला, त्या अक्कलकुव्याहून निघाल्या. खोलीवर जायला मी लॅपटॉप पिशवीत टाकला. दादाने चपला घातल्या.
"मी बी येस तुन्हासंगे."
नको म्हणायचं होतं. चल म्हटलं.