बांधापलीकडची माशी

कोल्हापूर,
३ सप्टेंबर २०२५

सौ. संयोगिताताईंना,
तुमच्या धाकट्या जावेचा, क्रांतीचा नमस्कार.

गौरी-गणपती नीट पार पडले असतील. तुमच्या गौरीला यंदा हिरवी पैठणी नेसवली होती, असं शालूबाई सांगत होत्या. आमच्याकडं गौर आणली नाही. वर कोल्हापूर लिहिलंय म्हणून चमकू नका. मी गावाकडं गडमुडशिंगीत नाही, इथंच आहे, तुमच्या घरापासून फार लांब नाही. तुमचा फोन भाऊजीच उचलतात, म्हणून हे पत्र तुमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या शालूबाईंच्या हाती देतेय. एकट्या असताना वाचा.

तुमची पेरूची बाग छान आलीय. राग धरू नका, पण मला तिचा वास आता सोसत नाही. भाऊजी राधानगरीकडून गवती चहाचं तेल आणून साबणाच्या पाण्यातून फवारायला लागले, तेव्हा संध्याकाळी सगळं शिवार चहाच्या आधणासारखं दरवळायचं. मला हसू यायचं. पण त्या तेलानं फळमाशी मरत नाही, ताई. तिला वास नको होतो, ती उठते आणि दुसरीकडं जाते. दुसरीकडं म्हणजे बांध ओलांडून आमच्यात. पेरू चिरला की आत अळ्या.

भाऊजींना ते कळलं होतं. दोन्ही बागांना एकाच वेळी मारायला पाहिजे म्हणून त्यांनी आमच्यासाठी तेलाचा कॅन आणला, आणि ठेवला कुठं, तर बांधावर. वाटणीपासून दोघा भावांचा अबोला. द्यायचं-घ्यायचं ते बांधावर ठेवायचं, ही त्यांची रीत. खुरपं, मोटारीची किल्ली, सख्ख्या आईच्या, आत्याबाईंच्या, वर्षश्राद्धाचा डबासुद्धा तिथंच. ते सगळं ह्यांनी उचललं. तेल उचललं नाही. मी विचारलं, "मी आणू का?"

"दारात यून दे म्हणावं. मी काय भिकारी हाय व्हय?"

कॅन उन्हात तसाच पडून राहिला. तुम्हाला खरं सांगते, दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटायचं मला.

मग ह्यांनी दुकानातून जहाल औषध आणलं. ह्यांना माशी हाकलायची नव्हती, मारायची होती. एकदा मारून भागेना, तिकडून रोज नवी येतच होती. भर दुपारी, वाऱ्याच्या तोंडाला फवारायचे, नाकाला फडकंसुद्धा नाही. मी ओरडले तर म्हणाले, "गप बस की." गौर आणायच्या दिवशी ते बागेतच पडलेले सापडले. तोंडाला फेस होता.

माझ्या भावानं, बाळासोनं, जीपमधून इथं दवाखान्यात आणलं. गावात ताप आलाय एवढंच सांगितलंय. वाटेत शुद्ध होती तोवर ह्यांनी माझा दंड धरून बजावलं, "दादाला कळवू नगंस." त्यानंतर तोंडातून शब्द नाही.

आज डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. छाती हलतेय ती यंत्रानं. बाकी काही उरलेलं नाही, असं ते म्हणाले. यंत्र कधी बंद करायचं ते घरच्यांनी सांगायचंय. मी म्हटलं, थोरले भाऊ येईपर्यंत थांबा. मला रडू येत नाही, ताई, नुसता संताप येतोय, आणि तो कुणावर काढावा तेच कळत नाही. ह्यांचा हात अजून ऊन आहे. ऊन आहे तोवर भाऊजींनी तो धरावा, एवढंच मला पाहिजे.

त्यांना घेऊन या, दवाखाना शालूबाई दाखवतील. वाटेत काही सांगू नका. विचारलंच तर ह्यांचं नाव घेऊन म्हणा, तुमच्या कृष्णातनं बोलावलंय. इतकी वर्षं ते ह्याच एका निरोपाची वाट बघतायत, हे तुम्हीच मला हळदीकुंकवाला सांगितलं होतंत. ह्यांनी तो शेवटपर्यंत दिला नाही, म्हणून मी देतेय. तो खोटा आहे हे तुमच्या-माझ्यातच राहू दे. भाऊजी आयुष्यभर तो खरा मानून जगू देत.

तुमची,
आजच्या दिवसापुरती सौभाग्यवती,
क्रांती