तळ्याचं खाचर

५ जानेवारी
शहर नियोजन समितीचा सभापती झालो. विकास आराखडा २०४६. कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांना आकार द्यायचाय. आजपासून संकल्प : रोज पहाटे पाचला उठून पुढच्या वीस वर्षांचा विचार. दमणूक होणार, पण कुणीतरी करायला हवं.

६ जानेवारी, सकाळी ९.१०
उठलो.

१९ जानेवारी
पुण्याहून सल्लागार रोहिणी मॅडम आल्या. नकाशा पसरला. पिवळं म्हणजे घरं, हिरवं म्हणजे शेती नि बागा, निळं म्हणजे पाणी. वरसे गावाच्या वाटेवर, नदीलगत एक भाताचं खाचर हिरव्यात होतं. तिथे पिवळा खुलून दिसेल, असं मी निव्वळ सौंदर्यदृष्टीने सुचवलं. खाचर माझंच, पण हा मुद्दा गौण, म्हणून काढला नाही.
निशिगंधेला वीस वर्षांचं व्हिजन सांगितलं. म्हणाली, आधी वीस दिवस गळतोय तो मोरीतला नळ बघा. बायकोला लाँग टर्म कळत नाही.

२ फेब्रुवारी
मीटिंगमध्ये चुणूक दाखवली. नकाशावर नुसते गट नंबर? संस्कृती कुठाय? प्रत्येक शेताचं स्थानिक नाव घाला, म्हणालो. टाळ्या. (दोन.) आमचा क्लार्क नाथा गावोगाव फिरून नावं लिहिणार. माझ्या खाचराचं नाव मी स्वतः सांगितलं : ‘तळ्याचं खाचर’. आजोबांपासूनचं.

९ मार्च
आराखडा जाहीर. भिंतीवर लावलाय. गर्दी होती, पाहिला नाही. मीच सभापती, मला काय पाहायचंय?
नदीकाठच्या, माझ्या खाचराला लागून असलेल्या कातकरवाडीतून मंगळ्या आणि त्याची बायको चिमा केबिनमध्ये. वाडीत बावीस घरं. नकाशात तिथे बाग, वाडी नाहीच. चिमाने नकाशाच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, सायेब, यात आमी कुठं हाव? म्हणालो, चिमाबाय, हा नकाशा वीस वर्षांनंतरचा. ती म्हणाली, मंग तवर आमी मेलाव काय?
हरकत मी स्वतः लिहून देतो, असा शब्द दिला. मुदत ८ एप्रिल. भरपूर वेळ.

२१ मार्च
वाडीची हरकत लिहायला बसलो. ‘महोदय’ लिहिलं. पेन चालेना. ऊन फार.

३० मार्च
अनर्थ. नाथा चहा पिता पिता म्हणाला, साहेब, तुमचं खाचर निळं झालंय. नावात तळं, म्हणून पुण्याच्या ऑफिसात तलाव समजले. बांधकाम कायमचं बंद. नाथाला विचारलं, खाचराचं तळं झालं तेव्हा तू काय करत होतास? म्हणाला, तुमची संस्कृती लिहीत होतो.

८ एप्रिल
माझ्या खाचराबद्दल नऊ पानी हरकत. संध्याकाळी पावणेसहाला पोचवली. गळून गेलो. वाडीची राहिली. पण सुनावणीत तोंडी मांडेन, त्यात जास्त वजन असतं.

१२ मे
उद्या सुनावणी. खाचर शेतीचंच, तळं नाही, हे सांगायला साक्षीदार हवा. मंगळ्याला गाठलं. लावणी-कापणीला वर्षानुवर्षं तोच येतो. खरं ते सांग, म्हणालो. म्हणाला, व्हय सायेब, खोटं कशाला बोलू? प्रामाणिक माणूस.

१३ मे
प्रामाणिकपणाचा अतिरेक वाईट.
सुनावणीच्या साहेबांनी विचारलं, तिथे पाणी असतं का? मंगळ्या म्हणाला, नाय कसं? नदी चढली की छातीभर. पयल्या पावसाचं, वलगणीचं मासं नदीतून तिथंच चढतान. आमची अख्खी वाडी तिथंच मासं धरते. सायबाच्या घरी पन दरसाल टोपली जाते, इचारा त्यांना.
साहेबांनी मला विचारलं. मी पाणी प्यायलो.
मग वाडीची हरकत निघाली. मी लिहिलेली नव्हे. बावीस अंगठे, खाली नाथाचं अक्षर. चार ओळी : आम्ही इथे राहतो, त्या पाण्यावर जगतो, आम्हाला नकाशात घ्या. साहेबांनी ती दोनदा वाचली. माझी नऊ पानं त्यांनी उचलून वजनाचा अंदाज घेतला.
घरी निशिगंधेने विचारलं, काय झालं? मी नळाचा विषय काढला.

३ जून
निकाल. तळं निळंच. काठावर वाडी पिवळी. अख्ख्या आराखड्यात हिरव्याचं पिवळं झालेली ती एकच जागा. मॅडमचं अभिनंदनपत्र आलं : स्थानिक नावांमुळे एक महत्त्वाचा पाणवठा वाचला.

२२ जून
वलगण चढली. चिमा टोपली घेऊन आली. निशिगंधेला म्हणाली, घे गो वहिनी, ताजं हाईत. जाता जाता मला म्हणाली, सायेब, एकदा येवा की आमच्या तळ्याव.
आमच्या.
मासे चांगले होते. तीन खाल्ले. नळ गळतोय.