हंपीच्या वाटेवर सोलापूर

लासुर्णे, ता. इंदापूर
शनिवार, दि. २५ जानेवारी २०२५

चि. सौ. छकुलीस,

अक्काचे अनेक आशीर्वाद. नीळकंठरावांना नमस्कार. निहार आता केवढा झाला असेल, मला अंदाजच येत नाही. इकडे सगळे बरे आहेत. आमच्या उसाला तोड आलीय, त्यामुळे तुझे दाजी दिवसभर शेतात असतात आणि घरी आले की जेवता जेवता पेंगतात.

पत्र बघून दचकली असशील. दोनदा फोन हातात घेतला होता, पण तू हॅलो म्हणालीस तर पुढे काय बोलायचं तेच सुचेना. कागदावर निदान मधे कुणी बोलत नाही.

आधी गंमत सांगते. मी इंग्रजी शिकतेय. हसू नकोस. आमच्या बचत गटाच्या चटण्यांना पुण्याच्या दुकानांतून मागणी येते आणि त्यांचे निरोप सगळे इंग्रजीत. प्रत्येक वेळी सुनेला हाका मारायचा मला कंटाळा आला, म्हणून इंदापूरला क्लास लावला. श्रिया मॅडम म्हणून बारामतीची पोरगी शिकवते. वयानं माझ्या लेकीएवढी, पण वर्गात कुणी मराठी बोललं की अशी बघते, की आपण गप्प.

मागच्या आठवड्यात तिनं गट पाडले. चार दिवसांची सहल ठरवायची. कुठं जायचं, कशानं, मुक्काम कुठं, सगळं आपसात इंग्रजीत बोलायचं आणि पुढच्या तासाला वर्गापुढं सांगायचं. माझ्या गटात स्टँडजवळ चहाचं दुकान असलेली बानूबाई आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गोकुळ. आम्ही हंपी ठरवली. गाडी करायची, इंदापूरहून सोलापूर, विजापूर आणि पुढं हंपी.

झालं. बानूबाईची मावशी टेंभुर्णीला, म्हणून जेवण तिथं. गोकुळची सासुरवाडी मोहोळला, म्हणून मुक्काम तिथं. विजापुरात बानूबाईचा मामेभाऊ निघाला, तो एका दिवसात सोडतो होय? मॅडमनं आमचा कागद बघितला आणि विचारलं, यात हंपी कुठंय? चारही दिवस विजापुरातच संपले होते. बानूबाईनं इंग्रजी ठेवलं बाजूला.

"मॅडम, वाटंवर घर असून उतरलो न्हाय, तर परत त्यास्नी तोंड कसं दावायचं?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग मॅडम माझ्याकडे वळली. सोलापुरात कुणाकडे थांबणार, असं तिनं इंग्रजीत विचारलं. मी म्हणाले, "नो स्टॉप. आय हॅव नोबडी इन सोलापूर."

वाक्य बिनचूक होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी न अडखळता आख्खं बोलले. मॅडम 'व्हेरी गुड' म्हणाली.

छकुले, मराठीत ते माझ्या जिभेवर आलं नसतं. परक्या भाषेत कसं सुटून गेलं. परतीच्या एस्टीत मात्र ते मराठीत डोक्यात फिरायला लागलं, सोलापुरात माझं कुणी नाही. मला माझीच चीड आली, ती अजून गेलेली नाही.

जे झालं ते तुला सांगायला नको, पण मला एकदा लिहू दे, कारण मी ते कधी तोंडातून काढलं नाही. आबा गेल्यावर विजयसिंहदादानं आपल्या दोघींना जमिनीच्या हक्कसोडीच्या सह्या करायला बारामतीला नेलं. मी केली. तू म्हणालीस, मला माझा वाटा पाहिजे. दादानं तेव्हापासून तुझं नाव टाकलं आणि मला बजावलं, तिच्या घरी गेलीस तर माळेगावचं माहेर तुलाही संपलं. मी माहेर राखलं. भाऊबीजेला दरवर्षी गेले, आणि दरवर्षी तिथं तुझा पाट नव्हता.

पुढच्या तासाला आमच्या गटाला उभं केलं. सोलापूर आलं तेव्हा मी गोकुळला थांबवलं आणि इंग्रजीत म्हणाले, सोलापुरात माझी बहीण राहते, आम्ही तिच्याकडे मुक्काम करू. या वेळी चांगली अडखळले. मॅडमनं दोन ठिकाणी दुरुस्त केलं. बानूबाई कानाशी म्हणाली, "आन त्या दिशी तर कुणी न्हाय म्हनलात?" मी म्हटलं, "चुकलं व्हतं माझं."

घरी येऊन तुझ्या दाजींना सांगितलं, मी सोलापूरला जाणार. ते म्हणाले, "मी कवा आडवलंय का तुला?" खरंच नव्हतं अडवलं.

पण दादाला चोरून यायचं नव्हतं. काल माळेगावला गेले. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. उभ्या उभ्याच सांगितलं.

"तिनं सही केली न्हाय, अक्का. तू केलीस."

"मी जमिनीवरचा हक्क सोडलाय, दादा. भनीवरचा न्हाय."

"मग दिवाळीला हितं येऊ नगंस."

"मी येनार. ताट घिऊन दारात उभी ऱ्हाईन. ओवाळून घ्यायचं का न्हाय ते तू बघ."

तो उठून आत गेला. वहिनी चहा घेऊन आल्या. मी चहा प्याले, कप विसळून ठेवला आणि निघाले. रस्त्यात थोडी रडले, ते तुझ्यापासून लपवत नाही. माहेर गेलं असेल तर जाऊ दे. पण मी मागे फिरणार नाही.

तुझं वाट्याचं म्हणणं बरोबर की दादाचं, यावर मी भांडायला येत नाही. नुसती तुझ्याकडे येतेय. येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघेन. तुझ्या वास्तुशांतीची पत्रिका माझ्याकडे आहे, पत्ता त्यावर आहे. तेव्हा आले नव्हते. आता घर तूच दाखव.

तिळगूळ आणते. गोडच बोल असं मात्र म्हणणार नाही. भांडायचं असेल तर पोटभर भांड, पण आत घेऊन भांड. दार लावलंस तरी मी पायरीवर बसेन. हंपीला जायची मला घाई नाही.

सोलापूरला उतरणारी,
तुझी अक्का